राष्ट्राध्यक्ष ग्वाक यांची कारकीर्द

६ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. मोठ्या पदावरची माणसं लिहितात. कोणाला दाखवायची नाही, पण असलेली बरी.

नाव ग्वाक ग्यू-शिक, वय ५५. राहणार मोकपो, बंदराच्या मागची चाळीस नंबरची इमारत, सातवा मजला. जहाजांचे दोरखंड बनवणाऱ्या कंपनीत सत्तावीस वर्षं प्रशासन विभागात. त्या सत्तावीस वर्षांत माझी एकही सही अंगाशी आली नाही. किती जणांना असं सांगता येईल?

स्वेच्छानिवृत्तीला आज पाच आठवडे झाले. माझी बायको जोंग-ए परवा तिच्या बहिणीला फोनवर म्हणाली, "ह्यांना काढलं." चूक. कंपनीनं मला दोन पर्याय दिले होते. मी महिनाभर दोन्हींचा अभ्यास केला. मुदत संपल्यावर त्यांनी त्यातला एक गृहीत धरला. याला काढणं म्हणत नाहीत.

काल लॅपटॉपवर 'प्रजासत्ताक' नावाचा खेळ घेतला. आपण राष्ट्राध्यक्ष. दर महिन्याला टेबलावर एक फाइल येते, फाइलमध्ये तीन पर्याय असतात आणि तिन्हींत कोणाचं तरी नुकसान ठरलेलं. खाली कोपऱ्यात एक राखाडी बटण आहे: 'पुढच्या महिन्यात पाहू.' हे बटण दुबळ्या माणसांसाठी आहे. मी त्याला हात लावणार नाही. लिहून ठेवतो.

देशाचं नाव ठेवलं नवग्वाक. लोकसंख्या दोन कोटी.

जोंग-ए सातलाच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाते. म्हणजे राज्यकारभाराला सकाळ मोकळी.

७ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ५

दुष्काळ पडला. धरणात तीन महिन्यांचं पाणी. पर्याय: शेतीचं तोडा, कारखान्यांचं तोडा, किंवा शहरांना एक दिवसाआड सोडा.

चाळीस सेकंदांत शेतीचं तोडलं. पडद्यावर एक मुख्य सचिव असतो, चष्मेवाला, बोलण्याआधी कमरेत वाकतो. तो म्हणाला, "दक्षिणेतले शेतकरी दुखावतील, साहेब." दुखावू देत. कोणीतरी दुखावल्याशिवाय धोरण होत नाही.

लोकप्रियता ५८ वरून ६१.

दुपारी बाबा राहतात त्या वृद्धसेवा केंद्रातून फोन आला. बाबांना खोकला आहे, अंगात कणकण आहे, आमच्याच डॉक्टरांना दाखवू की मोठ्या हॉस्पिटलात नेता? मी म्हटलं, "लक्ष ठेवा." सूचना स्पष्ट होती.

९ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळ

गडबडीचा दिवस.

सकाळी मोठ्या बहिणीचा फोन आला. इन-सुक ताई, बाजारात तिचं तयार भाज्या-लोणच्यांचं दुकान आहे. ती धापा टाकत होती. बाबांना रात्री मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, न्यूमोनिया आहे, लगेच ये.

गेलो. बाबा स्ट्रेचरवर होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस माशासारखं तोंड उघडून हवा ओढत होता. तरुण डॉक्टरीण म्हणाली, श्वासाची नळी घालायची का, आत्ताच सांगा. ताई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "योग्य ते करा."

त्यांनी नळी घातली. म्हणजे माझ्या सांगण्यावरून काम झालं.

फॉर्मवर 'जबाबदार नातेवाईक' असा रकाना होता. ताईनं पेन उचललं होतं, पण घरातला एकुलता मुलगा मी. माझं नाव मी स्वतः लिहिलं, छापील अक्षरात. डॉक्टर आता जे काही विचारतील ते मलाच.

११ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३

अतिदक्षता विभागात भेटीची वेळ दुपारी बारा ते बारा-वीस. ताई आणि मी गेलो.

बाबांच्या दोन्ही हातांना जाड पांढरे मोजे घातलेत, टेबल-टेनिसच्या बॅटीएवढे, आणि ते मोजे पट्ट्यांनी पलंगाच्या कडेला बांधलेत. नर्स म्हणाली, नळी ओढायला बघतात, म्हणून. ताईनं विचारलं, "मी इथे आहे तेवढा वेळ सोडता येतील का?" नाही येत.

बाबा बंदरावर लिलाव पुकारायचे. एकतीस वर्षं. पहाटे वाकटी माशांच्या पेट्या मांडलेल्या असायच्या, समोर व्यापारी कोटाच्या आडून बोटांनी भाव दाखवायचे, आणि बाबा एकेका पेटीचा निकाल तीन सेकंदांत लावायचे. मी लहानपणी बघायला जायचो. माझी आणि त्यांची काम करण्याची पद्धत वेगळी.

मी पाच मिनिटांत बाहेर आलो. तिथला औषधांचा वास मला सोसत नाही. ताई वीसही मिनिटं आत होती.

घरी आल्यावर नवग्वाकची आरोग्य फाइल निकालात काढली. छोट्या गावांतली चौदा हॉस्पिटलं. चालू ठेवा, अर्धी ठेवा किंवा बंद करा. बंद केली. एकच क्लिक. मुख्य सचिव वाकला, पण काही बोलला नाही. लोकप्रियता ५५. कठोर निर्णयांचं हे असंच असतं, लोकांना कळायला वेळ लागतो.

१३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी १०.४०

मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना हॉस्पिटलचा फोन. डॉ. थाक, बाबांचे मुख्य डॉक्टर. आवाज शांत. फुप्फुसं उघडत नाहीयेत, आता मूत्रपिंडंही थकलीत म्हणाले. "पुढे काय करायचं ते घरच्यांशी समोरासमोर बसून बोलायला हवं. तुम्ही आणि तुमच्या बहीण, कधी येता?"

मी म्हटलं, कॅलेंडर बघून कळवतो.

कॅलेंडर बघितलं. या महिन्यात फक्त अठराला 'किमची' आणि तीसला 'गीझरवाला' असं लिहिलंय. तरीही घाई नको. अशा भेटीला तयारीनिशी जावं लागतं.

१५ नोव्हेंबर, बुधवार

ताई घरी आली, डब्यात मुळ्याची भाजी आणि सुकी मासळी घेऊन. बसली नाही. दारातच बूट न काढता बोलली.

"डॉक्टरांना फोन केलास का?"

मी म्हटलं, प्रक्रिया चालू आहे.

"कसली प्रक्रिया? अरे, त्यांना आपल्या दोघांशी बोलायचंय. मी विचारलं त्यांना. यंत्रं काढायची झाली तर सगळ्या मुलांनी हो म्हणावं लागतं. मी एकटीनं म्हणून चालत नाही. आणि तू नको म्हणालास तर नको. पण काहीतरी म्हण!"

मी सांगितलं की असा विषय अभ्यासल्याशिवाय बोलणं बेजबाबदारपणाचं होईल, मी एक टिपण तयार करतोय. ताईनं डबा माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "मुळ्याची भाजी आज संपव. उद्यापर्यंत टिकणार नाही."

टिपण करायला घेतलं. पहिलं पान झालं: 'श्री. ग्वाक चिल-बोंग यांच्या उपचारांबाबत सर्वांगीण विचार (मसुदा)'. अक्षराचा आकार १४ ठेवावा की १६ यावर तासभर गेला. सोळा घेतला. ताईला जवळचं दिसत नाही.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी १

नवग्वाकच्या दक्षिणेत दंगल. ज्यांचं पाणी तोडलं तेच शेतकरी. धरणाच्या भिंतीवर चारशे माणसं बसलीत. पर्याय: लाठीमार, वाटाघाटी, किंवा पाणी सोडणे. लाठीमार केला तर बंडाची शक्यता. वाटाघाटी केल्या तर कारखानदार सरकार पाडणार. पाणी सोडलं तर राजधानी कोरडी.

इतके दिवस पर्याय सोपे होते. आता खेळ मुद्दाम अडवतोय. बनवणाऱ्यांना याबद्दल लिहायला हवं.

राखाडी बटण दाबलं. हे लिहून ठेवणं आवश्यक आहे की हे 'पुढे ढकलणं' नव्हे. अधिक माहिती मागवण्यासाठी घेतलेला एक महिना आहे. तांत्रिक बाब.

पुढच्या महिन्यात चारशेची नऊशे माणसं झाली. पुन्हा दाबलं.

लोकप्रियता ३८.

१८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ

ताईच्या अंगणात वर्षाची किमची घातली. सत्तर गड्डे चिनी कोबी. यंदा बाबा हॉस्पिटलात, म्हणून थोडं कमी. वारा समुद्राकडून, बोचरा. ताई आणि जोंग-ए लाल हातमोजे घालून पानापानात मसाला भरत होत्या. मला मुळा किसायला बसवलं होतं.

डॉ. थाक यांनी काल ताईला फोन करून विचारलं होतं, तुमचे भाऊ गावात नाहीत का?

ताई कोबीवरून नजर न उचलता म्हणाली, "काय सांगू मी त्यांना?"

मी म्हटलं, "मसाल्यात मीठ कमी वाटतंय."

खरोखर कमी होतं. पण जोंग-एनं हातातला कोबी टोपलीत आपटला. एकोणतीस वर्षांच्या संसारात तिला असं बोलताना मी ऐकलं नव्हतं, तेही ताईसमोर.

"अहो, त्या माणसाचे हात बांधलेत. काल मी गेले तर मनगटाला वळ होते. नर्सनं मलम लावलं होतं त्यावर. तुम्हाला मिठाचं पडलंय?"

मी म्हणालो, मी टिपण करतोय.

"किती झालं?"

मसुदा प्राथमिक अवस्थेत आहे, म्हटलं.

ताई हसली. हसता हसता हातमोज्याच्या पाठीनं डोळे पुसले, आणि मसाला डोळ्यात गेला. जोंग-ए तिला नळाखाली घेऊन गेली. दोघी बराच वेळ नळापाशी उभ्या होत्या. पाणी केव्हाच बंद केलं होतं.

मी उरलेला मुळा किसून संपवला. सगळा.

ठराव: सोमवारी सकाळी बरोबर नऊ वाजता डॉ. थाक यांना फोन करणे.

२० नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ४

नऊ वाजता फोन करणार तोच विचार आला की नऊला डॉक्टर वॉर्डात फेरी मारत असतात. साडेदहाला त्यांचाच फोन आला. तेव्हा सेनाप्रमुख समोर उभा होता. (पडद्यावर.) एकाच वेळी दोघांशी बोलता येत नाही. फोन वाजून थांबला.

सेनाप्रमुखाला आणीबाणी हवीये. राखाडी बटण. हे आता सहाव्यांदा. सचिव हल्ली वाकत नाही, नुसता उभा राहतो.

दुपारी हॉस्पिटलचा निरोप आला: मूत्रपिंडं बंद पडत आहेत, आपल्याकडून काही कळलं नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे आजपासून रक्तशुद्धीचं यंत्र लावत आहोत.

म्हणजे उपचार चालू आहेत. विज्ञान कुठल्या कुठे गेलंय. यातून ते बरे होणारच नाहीत असं छातीठोकपणे कोण सांगू शकेल? टिपणात हा मुद्दा घ्यायला हवा.

२२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी २.१५

हॉस्पिटलात गेलो.

तळमजल्यावर यंत्रातली कॉफी घेतली आणि लिफ्टसमोरच्या बाकावर बसलो. अतिदक्षता विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे, डॉ. थाक यांची खोली चौथ्या. लिफ्ट अकरा वेळा आली. प्रत्येक वेळी कोणीतरी घाईचं माणूस असायचं, त्यांना आधी जाऊ दिलं. एक बाई बाळाला घेऊन होती. एक म्हातारा चाकाच्या खुर्चीत. माणुसकी म्हणून काही असतं.

दुसरी कॉफी घेतली. मग भेटीची वेळ संपली.

घरी जोंग-ए लवकर आली होती. "कुठे होतात?" मी म्हटलं, हॉस्पिटलात. हे खरं आहे. "डॉक्टर भेटले?" मी म्हटलं, जवळजवळ.

ती म्हणाली, "मी बाबांपाशी होते, बारापासून. ताईपण होत्या. तुम्ही नव्हतात."

ती ओरडली नाही. भाताचं भांडं उघडून वाढायला लागली. एकच वाटी घेतली, स्वतःची. मग थोडं थांबून दुसरीही घेतली.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

टिपण: दुसरं पान. 'फायदे' असं लिहून खाली रेघ मारली. 'तोटे' असं लिहून खाली रेघ मारली.

फायदे कोणाचे, ते आधी ठरवायला हवं.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५

सरकार पडलं.

आज राखाडी बटण होतंच कुठे? जागेवर नव्हतं. सेनाप्रमुखाची फाइल उघडी, तीन पर्याय, आणि वर कोपऱ्यात घड्याळ उलटं मोजतंय. साठ सेकंद. मी पहिल्या पर्यायावर गेलो. मग तिसऱ्यावर. दुसराही तसा वाईट नव्हता.

शून्य झाल्यावर पडदा काळा झाला आणि पांढऱ्या अक्षरांत आलं: 'राष्ट्राध्यक्षांचं मौन म्हणजे संमती, असं धरून चालण्यात आलं आहे.' नंतर रणगाडे. धरणाच्या भिंतीवरची माणसं. त्यांचं काय झालं ते दाखवलं नाही, आकडा दाखवला.

शेवटी गुणपत्रक. घेतलेले निर्णय: २२. न घेतलेले: १७. बावीसमधले बहुतेक पहिल्या आठवड्यातले आहेत. म्हणजे सुरुवातीचा राष्ट्राध्यक्ष उत्तम होता. नंतर परिस्थिती बदलली, हे गुणपत्रकात कुठेच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, केवळ नोंद म्हणून. बंद केलेल्या चौदा हॉस्पिटलांपुढे खेळानं वेगळा आकडा दिला होता. तो इथे लिहीत नाही. ती सगळी चित्रातली माणसं.

दुपारी दोनदा फोन वाजला. ताई.

२५ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ५.३०

सकाळी नवीन डाव मांडला. देशाचं नाव काय ठेवावं या विचारात होतो, तेवढ्यात जोंग-ए माझ्या खोलीत आली आणि तिनं लॅपटॉपचं झाकण लावलं. तिच्या हातात तिचा फोन होता. पलीकडे ताई.

ताईचा आवाज अगदी सपाट होता. "मी आज एकटीच गेले डॉक्टरांकडे. सांगितलं, माझा भाऊ येणार नाही, काय लिहायचं ते लिहा कागदावर. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघांनी बाबांना तपासलं. मग कॉम्प्युटरवर बघितलं."

मी विचारलं, काय बघितलं?

"बाबांनी दोन वर्षांपूर्वीच आरोग्य केंद्रात जाऊन लिहून दिलंय. सही करून. यंत्रं नकोत, नळी नको, काही नको. सरकारी नोंद आहे. आता आपण कोणी हो-नाही म्हणायची गरज नाही, ग्यू-शिक. तुझीही नाही, माझीही नाही. उद्या सकाळी काढणार आहेत. यायचं तर ये."

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, कारण रोजनिशी खरी असावी. सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचं पोतं उतरल्यासारखं.

मग राग आला. नोंद जर दोन वर्षं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये पडून होती, तर इतके दिवस हॉस्पिटल काय करत होतं? हा उघड हलगर्जीपणा आहे. लेखी तक्रार करणार. टिपणासाठी काढलेले मुद्दे त्यात वापरता येतील.

२६ नोव्हेंबर, रविवार

बाबा गेले. सकाळी ९.४२.

मी हजर होतो. आधी बाहेरच्या दालनात होतो. जोंग-ए आली, तिनं माझी बाही धरली आणि मला आत नेलं, शाळेतल्या पोराला नेतात तसं.

मोजे काढले होते. हात दुलईवर सरळ ठेवले होते. मनगटाभोवती तपकिरी-जांभळा वळ, दोन्हीकडे सारखा. बोटं सुजलेली. ताईनं एक हात घेतला होता. दुसरा मोकळा होता, माझ्या बाजूचा.

मी तो घ्यावा की नाही, असा विचार करत होतो.

२८ नोव्हेंबर, मंगळवार. अंत्यविधी आटोपून

तीन दिवस हॉस्पिटलच्या तळघरातल्या अंत्यविधीच्या दालनात. मुख्य शोककर्ता मी, दंडावर दोन रेघांची पट्टी. दालनाचा व्यवस्थापक वही घेऊन आला: पेटी कुठल्या लाकडाची, फुलं पांढरी की पांढरी-पिवळी, फोटो कुठला? माझ्या तोंडून "योग्य ते" एवढंच निघालं, तोवर ताईनं माझ्या हातावर हात ठेवला. "मी बघते," म्हणाली. रागानं नाही. मला वाटतं ती आता माझ्यावर रागावणार नाही. हे बरं नव्हे.

काल प्यो काका आले होते. बाबांबरोबर लिलावाला उभे राहायचे, त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. तिखट रस्सा आणि भात पुढ्यात होता, त्यांनी सोजूचे दोन पेले घेतले होते. बंदरावरचे सहा-सात म्हातारे भोवती. जोंग-ए रस्सा वाढत होती, ताई माझ्या शेजारी.

काका म्हणाले, "त्या कागदाचं ऐकलं मी. अरे, मीच होतो की त्याच्याबरोबर. थंडीतली फ्लूची लस घ्यायला गेलो होतो आरोग्य केंद्रात. तिथे ती मुलगी बसली होती फॉर्म घेऊन. हा बसला तिच्यासमोर, म्हणाला, दे इकडे. तीन मिनिटांत भरला. मी म्हटलं, चिल-बोंग, घरी जाऊन विचार कर, पोरांना विचार. त्या मुलीनंही विचारलं, 'आजोबा, घरच्यांना सांगितलंय का?' तर हा काय म्हणाला माहितीये?"

काकांनी पेला खाली ठेवला.

"म्हणाला, मुलगी रडेल आणि मुलगा समिती नेमेल. त्यापेक्षा मीच निकाल लावतो."

सगळे म्हातारे हसले. एकानं टेबलावर थाप मारली. अंत्यविधीला लोक हसले की गेलेल्याला बरं वाटतं म्हणतात. मीही हसलो. त्या सगळ्यांच्यापेक्षा एखादा क्षण जास्तच हसत राहिलो असेन, कारण थांबलो तेव्हा टेबलावर कोणी हसत नव्हतं.

प्यो काकांनी माझ्या पेल्यात सोजू ओतली. म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस, बाळ. मायेनं म्हणाला होता. म्हणाला, पोरगं मनानं हळवं आहे, त्याच्या डोक्यावर हे ठेवायचं नाही."

२९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ११.२०

मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती आणायला हॉस्पिटलात गेलो. तक्रारीचा मसुदा खिशात होता. पूर्ण केलेला. दोन पानं, मुद्देसूद, शेवटी सही.

चौथ्या मजल्यावर गेलो. डॉ. थाक खोलीतच होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान, पस्तिशीचे असतील. डोळ्यांखाली काळं. उठून वाकले, सांत्वनाचं बोलले आणि खुर्ची दिली. मी तयारी केल्याप्रमाणे विचारलं: माझ्या वडिलांची नोंद दोन वर्षांपासून उपलब्ध असताना ती वेळेवर का तपासण्यात आली नाही?

त्यांनी जरा विचार केला. बचावासाठी नाही, मला नीट कळावं म्हणून.

"घरच्यांची भेट होते ना, तेव्हा आम्ही सगळ्यात आधी तेच बघतो. आजारी माणसानं स्वतः काही लिहून ठेवलंय का. लिहिलेलं असलं तर घरच्यांना काहीच ठरवावं लागत नाही. तेराला फोन केला होता तो त्यासाठीच. मग विसाला केला. मधे तुमच्या बहिणीलाही विचारलं. फॉर्मवर तुमचं नाव होतं, म्हणून तुमच्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं."

मी विचारलं, "म्हणजे चौदाला मी आलो असतो तर?"

"तर चौदालाच कळलं असतं."

"मला काय सांगावं लागलं असतं?"

"काही नाही," ते म्हणाले. "तुम्ही नुसते येऊन बसला असतात तरी चाललं असतं."

तेरा ते सव्वीस. मधे रक्ताचं यंत्र लावलं ते विसाला. वळ जोंग-एनं पाहिले ते सतराला.

त्यांनी विचारलं, आणखी काही विचारायचंय का? मी नाही म्हटलं. दाखल्याच्या चार प्रती मिळाल्या. भेटीला एकूण सहा मिनिटं लागली.